ठरवायचं कुणी?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘तुझं वय झालंय, म्हणून तुला नवं काही आवडत नाही’ हा शेरा वाचून आधी चिडलो, मग म्हटलं, सविस्तर उत्तरच देऊ. आपल्या तरुणपणीही रद्दी सिनेमे ढिगाने निघायचे, हे कबूल. काळाने ते गाळले, चांगलं तेवढं उरलं, आणि आपण त्या निवडक उरलेल्याची तुलना आजच्या अख्ख्या ढिगाशी करतो. तुझा हा मुद्दा बिनतोड आहे. पण माझी तक्रार वेगळीच आहे. पूर्वीचा वाईट सिनेमा कुणीतरी मन लावून वाईट केलेला असायचा. आजचा कुणी केलाय, तेच कळत नाही.

म्हणजे काय, ते सांगतो. हल्ली पडद्यावर अंधार किती असतो, बघितलंस? रात्रीचा प्रसंग आला की टीव्हीच्या काचेत आपलंच तोंड दिसतं. अंधार नसेल तेव्हा सगळीकडे एकसारखा, राखाडी, मिळमिळीत उजेड. खिडकी कुठे, दिवा कुठे, सकाळ आहे की संध्याकाळ, काही पत्ता लागत नाही. कॅमेरे तर इतके तयारीचे आलेत की मिणमिणत्या दिव्यातही सगळं टिपतील. मग घोडं पेंड खातं कुठे? पात्रांच्या मागे हिरवा पडदा असतो. तिथे डोंगर येणार की महाल, ते काही महिन्यांनी कुणीतरी ठरवणार, आणि ठरवून झाल्यावर पुन्हा बदलणार. मग दिवे लावणाऱ्याने सावली पाडायची तरी कुठल्या बाजूला? तो बिचारा चहूकडून सारखा प्रकाश टाकून मोकळा होतो. नंतर मागे काहीही चिकटवलं तरी खपून जातं.

याच्या उलट सत्यजित राय यांचा १९५६ चा ‘अपराजितो’ आठव. पावसाच्या भीतीने बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारायचं ठरलं. छायालेखक सुब्रत मित्र यांचा विरोध होता. वरून झिरपणारा आभाळाचा बिनसावलीचा उजेड स्टुडिओत आणता यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. पण सेट उभारायचंच ठरलं, तेव्हा त्यांनी अंगणावर पांढरं कापड ताणलं, दिव्यांचा झोत खालून त्या कापडावर मारला आणि परतून आलेल्या उजेडात चित्रीकरण केलं. त्या घरात उजेड कसा पडतो, हे एका माणसाला नेमकं ठाऊक होतं आणि त्यावर तो अडून बसला होता, एवढीच ती गोष्ट. हे अडून बसणंच मला आता दिसत नाही.

फिल्मच्या जमान्यात अडून बसावंच लागायचं म्हणा. ३५ मिलिमीटरचं हजार फुटी रीळ ११ मिनिटांत संपायचं आणि प्रत्येक फुटाला पैसे मोजावे लागायचे, त्यामुळे डोकं आधी चालवावं लागे, कॅमेरा नंतर. दिग्दर्शक हिचकॉक तर याचा पुरेपूर फायदा घ्यायचा. डोक्यात जुळवून ठेवलेले तेवढेच तुकडे चित्रित करायचे, म्हणजे निर्मात्याला दुसऱ्या पद्धतीने जोडायला काही शिल्लकच राहत नाही. सेल्झनिकसारखा हेकट निर्माता यावर वैतागायचा. आज दोन-तीन कॅमेरे लावून चारही बाजूंनी भरमसाट चित्रीकरण करून ठेवतात आणि ‘बघू नंतर संकलनात’ म्हणतात. त्या ‘नंतर’मध्ये मग डझनभर लोक घुसतात, आणि प्रत्येकाला आपलं मत असतं.

आवाजाचंही तेच. स्वतःच्या भाषेतला सिनेमा सबटायटल लावून बघायची वेळ आलीये, याची लाज कुणालाच कशी वाटत नाही? संवाद ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या क्षणी स्फोट होतो आणि शेजारी उठतात. काही दोष आपल्या टीव्हीचा, मान्य. त्याचे चिमुकले स्पीकर भिंतीकडे तोंड करून बसलेले, आणि मूळ ध्वनिमिश्रण मोठ्या थिएटरसाठी केलेलं. पण एक कॅमेरा लांबून आणि एक जवळून एकाच वेळी चालू असला, की माइकवाल्याला नटाजवळ जाताच येत नाही, लांबच्या चौकटीत तो दिसतो ना! मग कपड्यात लपवलेल्या माइकवर सदऱ्याची खसखस आणि नटाची पुटपुट. ‘थांबा, ऐकू आलं नाही, पुन्हा घ्या’ म्हणायला सेटवर कुणी धजत नाही. नंतर बघू.

लेखनाबद्दल बोलू नये तेवढं बरं, पण बोलतो. मालिकेतली पात्रं आजकाल एकमेकांना काय सांगतात, लक्ष देऊन ऐक. ‘तू माझा भाऊ आहेस, आणि बाबा गेल्यापासून आपण बोललेलो नाही.’ अरे, भावाला हे माहीत नाही का? ते वाक्य भावासाठी नसतंच, मोबाइलमध्ये मान घातलेल्या प्रेक्षकासाठी असतं. आणि याचा दोष सरसकट लेखकांच्या माथी मारू नकोस. अमेरिकेतले पटकथालेखक २ मे २०२३ पासून १४८ दिवस संपावर होते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर खूप चर्चा झाली, पण त्यांचं एक जुनं दुखणं असं होतं, की मूठभर लेखकांना थोड्या आठवड्यांसाठी बसवून लिहून घेतात आणि चित्रीकरण सुरू व्हायच्या आत घरी पाठवतात. पूर्वी वर्षाला वीस-बावीस भाग व्हायचे, लेखक सेटवर असायचा, नटाच्या तोंडात वाक्य अडलं की तिथेच बदलायचा. आता आठ भाग, तेही दोन-दोन वर्षांनी, आणि आठातले चार नुसतं दळण. मूळची दोन तासांची गोष्ट, ताणून ताणून किती ताणणार?

पैशाअभावी हे होतं, असं कृपा करून म्हणू नकोस. इराणी दिग्दर्शक जाफर पनाहींना २०१० मध्ये वीस वर्षं सिनेमा करायला बंदी झाली. तरी त्यांनी टॅक्सीत छोटे कॅमेरे बसवले, स्वतः चालकाच्या जागी बसले आणि सिनेमा केला. २०१५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. अख्खा सिनेमा त्या गाडीच्या आतून. प्रवासी चढतात, भांडतात, उतरतात, आणि बघणाऱ्याचा डोळा हलत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवणारा माणूस त्याच गाडीत बसलेला होता!

तेव्हा वयाचं सोड. गेल्या दोन-चार वर्षांतला एक सिनेमा सुचव, मी नक्की बघेन. अटी दोनच. दोन तासांच्या आत संपला पाहिजे, आणि संपला म्हणजे संपला पाहिजे, शेवटच्या पाट्यांनंतर पुढच्या भागाची जाहिरात नको. मालिका सुचवलीस तर उत्तर देणार नाही. आणि ‘पहिले तीन भाग सहन कर, मग रंगते’ हे वाक्य तर चुकूनही लिहू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विद्याधर