नोबेलबाहेर राहिलेले हात

संपादक महोदय,

क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये मातीतल्या जिवाणूपासून वेगळे केले ते अल्बर्ट शॅट्झ या तेवीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने. १९५२चे नोबेल मात्र त्याचे मार्गदर्शक सेल्मन वॅक्समन यांना एकट्यालाच मिळाले. वॅक्समन थोर होतेच, पण हा अन्यायच. हे संशोधन जिथे झाले त्या अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने शॅट्झ यांना पदक दिले ते थेट १९९४ मध्ये! शोधनिबंधाच्या सहलेखिका एलिझाबेथ बूगी तर आजही कुणाला ठाऊक नाहीत.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांनी येत्या विज्ञानदिनी या दोघांची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. शेतातली मूठभर माती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता आली, तर फारच उत्तम.

— एक शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)