नव्या शाळेतला पहिला उपवासकाळ

माहीम,
८ फेब्रुवारी २०२६

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

नव्या कॅथलिक शाळेत राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घ्यायची की नाही, एवढंच तू फोनवर विचारलंस. वाटलं तर लाव. राख कुणालाही लावून घेता येते, त्यासाठी बाप्तिस्मा झालेला असावा लागत नाही. नाही लावलीस तरी कोणी विचारणार नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, पुढे कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची, रांग लागते, तिथे मात्र जागेवर बसून राहायचं. प्रसादाला नाही म्हणू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, त्यामुळे हात आपोआप पुढे होतो. तो प्रसाद नव्हे. कॅथलिक श्रद्धेनुसार ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे. मुलांच्या लोंढ्याबरोबर चुकून रांगेत गेलीसच, तर दोन्ही हात छातीवर दुमडून धर. फादर समजतात, आशीर्वाद देऊन पुढे सोडतात.

अख्खी नोकरी मी याच धोरणाने काढली. बोलावलं तिथे मनापासून जायचं, बोलावलं नाही तिथे गप्प बसायचं, आणि दोन्हीचा गाजावाजा करायचा नाही. शाळेत मराठीच्या आपण दोघी-तिघीच असतो, आपल्याकडे लक्ष असतं.

यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे, महाशिवरात्रीनंतर तीन दिवसांनी. तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. त्याच सुमाराला रमजान लागेल, म्हणजे डब्याच्या सुट्टीत तुझ्या वर्गात ‘टीचर, माझा उपास’ म्हणणारे बरेच निघतील. वर दहावीचं बोर्ड आणि बाकीच्यांची वार्षिक परीक्षा. मुंबईत उपवासकाळ नेहमी परीक्षेतच सापडतो. सगळी शाळा तशीही चेहरा पाडूनच बसलेली असते.

एखादा हिशेबी मुलगा विचारेल, ‘चाळीस दिवस म्हणता, मग ४६ कसे होतात?’ मधले सहा रविवार मोजत नाहीत, एवढं तुला ठाऊक असू दे. ईस्टर ५ एप्रिलला आहे. तो आपल्या सणांसारखाच चंद्रावर ठरतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. चर्चचं पौर्णिमेचं कोष्टक वेगळं आहे, पण यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला आणि गुड फ्रायडे ३ एप्रिलला आहे, ते उगीच नाही. मी दोन्ही कॅलेंडरं टेबलावर शेजारी ठेवून मुलांना तारखा शोधायला लावायची. व्याकरणाच्या तासापेक्षा हा तास कितीतरी जिवंत व्हायचा.

उपासाचं एक पक्कं लक्षात ठेव. शाळेतल्या लहान मुलांना चर्च उपास करायला सांगतच नाही. उपासाचं बंधन १८ ते ५९ वयाच्या लोकांना, तेही राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो. तरी चौथीतली पोरं चढाओढीने डबा परत नेतात आणि दुपारी पीटीला चक्कर येऊन बसतात. अशा वेळी सिस्टरांचा हवाला दे आणि खायला घाल. शुक्रवारी मांस नाही, पण मासळी चालते. आपल्या माहीमच्या बाजारात पापलेटचा भाव पाहिला, की यातलं प्रायश्चित्त नेमकं कुठलं असा प्रश्न पडतो. मी हे स्टाफरूममध्ये म्हणायची आणि सगळ्यात मोठ्याने कोळीवाड्यातून येणारी आमची कॅथलिक टीचरच हसायची.

आता डब्याबद्दल. पैशाचा डबा, जेवणाचा नव्हे. प्रत्येक वर्गात एक बंद डबा ठेवतात. मुलांनी चॉकलेट, कँटीन सोडून जे वाचेल ते त्यात टाकायचं आणि ते गरजूंसाठी जायचं. प्रार्थना, उपास आणि दान ही या काळाची तीन अंगं, त्यातलं दान हे. कारितास इंडिया ही १९६२ पासूनची कॅथलिक संस्था या काळात भूक आणि रोग यांच्याविरुद्ध मोहीम चालवते, अनेक ठिकाणचे पैसे तिकडेही जातात. कल्पना सुंदर आहे. तिची माती होते ती फळ्यावर. ‘सातवी अ सर्वांत पुढे, सातवी ब मागे’ असं कोणीतरी लिहितं, मग शाबासक्या सुरू होतात, आणि वडिलांकडून पाचशेची नोट आणणारा पोरगा वर्गाचा हीरो होतो. त्याने काय सोडलं? काहीच नाही. धारावीतून चालत येणारी मुलगी मात्र डबा फिरला की खाली बघत बसते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मीटिंगमध्ये बोललेही आहे. वरून उत्तर आलं, ‘स्पर्धा असली की मुलांना हुरूप येतो.’ कसला हुरूप, कोण जाणे.

तुला वर्गशिक्षिका केलं तर डबा दाराजवळ ठेव, हातोहात फिरवू नकोस. आकडा फळ्यावर लिहू नकोस. आमच्या एका सातवीने यावर उत्तम तोड काढली होती: दर शुक्रवारी प्रत्येकाने घरातून मूठभर तांदूळ आणायचे. पोत्यात पडले की कोलमही तेच आणि रेशनचेही तेच. ते पोतं भायखळ्याच्या आशादानला, मदर तेरेसांच्या सिस्टरांकडे गेलं. न्यायला कोण जाणार यावर भांडणं झाली, कारण त्या दिवशी गणिताची चाचणी होती.

‘क्रूसाची वाट’, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीचे प्रसंग, बसवतील तेव्हा निवेदन तुझ्याच गळ्यात पडणार, मराठीची टीचर म्हणून. १४ स्थानं असतात, येशूला मृत्युदंड फर्मावल्यापासून कबरीत ठेवेपर्यंत. भारदस्त संस्कृत शब्दांचा मारा करू नकोस. पाचव्या स्थानाला सायमन नावाच्या वाटसरूला धरून क्रूस उचलायला लावतात, सहाव्याला वेरोनिका गर्दीतून पुढे होऊन येशूचं तोंड पुसते. साध्या बोलीत सांगितलंस तर मागच्या बाकावरचेही ऐकतात. वर्गात ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची, मुलं असतील तर त्यांच्या आज्यांकडे मराठी प्रार्थना नक्की असतील, आधी त्या मागव. आणि भूमिका वाटताना धीर धर: रोमन सैनिक व्हायला अर्धा वर्ग उभा राहतो, शिक्षा फर्मावणारा पिलात व्हायला कोणी नाही.

गुढीपाडवा १९ मार्चला, ऐन उपवासकाळात. तू श्रीखंड नेशील आणि कोणी गोड सोडलेली टीचर हात जोडेल. वाईट वाटून घेऊ नकोस. एखादी रविवारसाठी वाटी बाजूला काढूनही ठेवेल.

झावळ्यांच्या रविवारी, २९ मार्चला, झावळीच्या पातीचे छोटे क्रूस वाटतात. ते केरात टाकू नयेत. लोक वर्षभर घरात जपतात आणि पुढच्या वर्षी परत देतात. तेच जाळून कपाळाला लावायची राख करतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. स्टाफच्या ग्रुपवर ‘हॅपी गुड फ्रायडे’ टाकू नकोस, तो येशूच्या मृत्यूचा दिवस. दरवर्षी कोणीतरी फुलांच्या चित्रासकट टाकतंच. त्या दिवशी मिस्साही होत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला प्रार्थना असते, वेदी उघडीबोडकी, घंटा बंद. शुभेच्छा रविवारी द्यायच्या. मग स्टाफरूममध्ये मार्झिपानची अंडी येतील, कोणी घरचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणेल. फुगे गरम असतानाच खा.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्रीच्या विधीला कोणी बोलावलं तर जरूर जा. मला विचारशील तर सगळ्या काळातला तोच भाग मला सर्वांत आवडतो. दिवे मालवून बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून चालू वर्षाचे आकडे कोरलेली मोठी मेणबत्ती पेटते आणि तिच्यावरून एकेकाची. इतके दिवस न म्हटलेलं ‘आलेलुया’ हे स्तुतीचं गाणं त्या रात्री पहिल्यांदा म्हणतात, आणि गुरुवारपासून गप्प असलेल्या घंटा एकदम वाजतात. कॉटनची साडी नेस, पण चांगली नको, मेण गळतं. विधी लांबतो, तेव्हा परतीच्या रिक्षाचं आधीच बोलून ठेव. बाबा म्हणतात मी न्यायला येईन, पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

तुझी,
आई