दूध कुणाचं, विचारलं होतं का गे?

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुमे,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. रागव, पण आधी हे वाच. मी बरी आहे, टाके भरले. बाळ सव्वादोन किलोचं झालंय.

३१व्या आठवड्यातच झालं गे. १,३०० ग्रॅम. मला दूधच येईना, पंप लावला की चार थेंब. डॉक्टर म्हणाले, दूधपेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं देऊ, इतक्या कोवळ्या बाळाला पावडरच्या दुधानं आतडी सुजायची भीती जास्त. सिस्टर कानडीत विनवत होती, "कूसिगे हालु बेकु, अक्का." बाळाला दूध हवंय, ताई. सासूबाईंचा एकच प्रश्न, कुणाचं? कुठल्या घरातलं? सिस्टरनं सांगितलं, देणाऱ्या बाईचं रक्त तपासतात, एचआयव्ही, कावीळ सगळं. मग दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून गोठवतात. मुंबईत सायनला तर १९८९पासून पेढी आहे, आपण जन्मायच्या आधीपासून! मी सही केली. नळीतून पहिले दोन मिली गेले आणि मी रडले. वाटलं, बाळ दुसरीचं झालं.

तेव्हा काकू आठवल्या. आईला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी तुझ्याबरोबर मलाही पाजलं. आणि सातवीत चिंचेवरून भांडताना तू काय ओरडलीस? "माझ्या आईचं दूध प्यायलीस, विसरू नको!" महिनाभर बोलले नव्हते तुझ्याशी. चिंच माझीच होती, आजही सांगते.

पण खरं दुखणं पुढंच आहे. तिसऱ्या आठवड्यापासून पान्हा असा फुटलाय की बाळाचं भागून उरतं. सिस्टरनं विचारलं, द्याल का? मी म्हटलं, "घरी विचारून सांगते." मी, सुमे! सही करताना विचारलं नव्हतं कुणाला. सासूबाई म्हणतात, बाळाच्या वाटणीचं दिलं की आटतं, दृष्ट लागते. काढू तसं ते वाढतंच, हे मला पक्कं ठाऊक. तरी दोनदा बेसिनात ओतलं. हात कापत होते गे. जिनं माझ्या पोराला दिलं, तिलाही घरच्यांनी असंच म्हटलं असेल ना? मला तर तिचं नावही माहीत नाही.

काकूंना तेव्हा कुणी अडवलं होतं का? तुझ्या आजीनं? त्यांना विचारून कळव. मला फोनवर त्या फक्त "जेवलीस का" एवढंच विचारतात.

तुझी बदली झाली का? चिंटूच्या शाळेचं काय? पुण्याला कुणी जाणारं भेटलं की कुंदा धाडते.

सोमवारी बाळाला दाखवायला नेणार आहे, तेव्हा माझंही रक्त तपासायला देते. कालपासून काहीच ओतलं नाही, फ्रीजरमध्ये ठेवतेय. सासूबाईंनी बाटल्या पाहिल्यात. अजून काही बोलल्या नाहीत.

तुझी,
शोभी