अनुद्यूताचा निरोप: कायदामंत्र्यांना खुले पत्र

माननीय कायदामंत्री महोदय,

सादर नमस्कार.

जुगार गुन्हा ठरवावा की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे दोन गठ्ठे येत असतील. एकात बंदीची निवेदने, दुसऱ्यात परवान्याचे मसुदे. भांडण मात्र दोघांचेही खेळणाऱ्यावरून चालते. एक म्हणतो, त्याला आवरा. दुसरा म्हणतो, पैसे त्याचे, मर्जी त्याची. मी गणिताचा शिक्षक. संभाव्यता शिकवताना फाशांवाचून माझे पान हलत नाही, कारण पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली या शास्त्राचा पाया घातला तोच जुगाऱ्यांच्या कोड्यांवर पत्रे लिहिता लिहिता. त्यामुळे मला आधी दिसतो तो डाव चालवणारा, नाल म्हणजे प्रत्येक डावातून आपला वाटा काढणारा.

महाभारतातले द्यूत सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतरच्या दुसऱ्या डावाची, अनुद्यूताची, आठवण फारशी कुणी काढत नाही. पहिल्या डावात गेलेले सारे धृतराष्ट्राने परत दिले होते. पांडव परतीच्या वाटेला लागले होते. मागून निरोप आला, पुन्हा खेळायला या. युधिष्ठिर माघारी वळला आणि वनवास पदरी घेऊन उठला. त्याला द्यायचा तेवढा दोष द्या. पण निरोप धाडणाऱ्याचे काय?

तो निरोप आता मोबाइलवर येतो. चार दिवस खेळला नाहीत, म्हणून एक डाव फुकट. काल हरलात, म्हणून थोडे परत. कोण कोणत्या वेळी, कितव्या हारीनंतर उठतो, हे पलीकडच्याला बायकोमुलांपेक्षा नेमके माहीत असते.

थोडे गणित करू द्या. युरोपीय रुलेटच्या चक्रावर ० ते ३६ असे ३७ खण असतात. एका आकड्यावर पैसे लावून जिंकलात तर लावलेले परत आणि वर ३५ पट मिळतात. खरा हिशेब ३६ पटींचा. या एका पटीच्या फरकातून चालवणाऱ्याला सरासरी २.७ टक्के सुटतात. वर्गात हे सांगितले की मुले म्हणतात, सर, एवढेच? त्यांचे चुकत नाही. एका फेरीला एवढेच. खरा घात वेगात असतो. ब्रिटनमधल्या सट्टेदुकानांतल्या यंत्रांवर याच रुलेटच्या २० सेकंदांच्या एका फेरीला १०० पाउंडांपर्यंत लावता येत असत. म्हणजे तासाला १८० फेऱ्या, जास्तीत जास्त १८,००० पाउंडांची उलाढाल, आणि त्यातले सरासरी ४८६ पाउंड गेलेच समजा. यात कुणी फसवत नाही, यंत्रही बिघडलेले नसते. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सरकारने ही मर्यादा १०० वरून थेट २ पाउंडांवर आणली. खेळणाऱ्या कुणाला बेडी घालावी लागली नाही.

हे गणित कळल्याने माणूस वाचतो, असा माझाही एकेकाळी समज होता. संभाव्यतेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा माझा एक विद्यार्थी पुढे माझ्याकडे उसने मागायला आला, तेव्हा तो समज गेला. २.७ टक्क्यांचे गणित त्याला माझ्यापेक्षा पक्के येत होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराचा विकार चोरीच्या अनावर ओढीसारख्या विकारांच्या शेजारून उचलून दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवला. त्याच्याकडे पाहिल्यावर ते पटते.

म्हणूनच खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारी बंदी मला नको. ज्याला पोलिसांची धास्ती, तो डॉक्टरकडे जात नाही. तो सावकाराकडे जातो, आणि त्या सावकाराला वसुलीसाठी न्यायालय लागत नाही. मित्रांनी आपसात पैसे लावून पत्ते खेळले आणि त्यातून नाल कुणीच काढली नाही, तर तिथे सरकारचे काय काम? नाल काढणारा आला की कायदाही आला पाहिजे, आणि चांगला कडक.

नॉर्वेने २००७ साली सगळी जुगारयंत्रे उचलली. पुढे आली ती सरकारी कंपनीची, रोख पैसे न घेणारी; कार्डाशिवाय चालत नाहीत आणि ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त हरू देत नाहीत. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळणे बंद केले. उधारीवर डाव नको, एवढी ही साधी गोष्ट. त्याच ब्रिटनने एक गोष्ट मात्र उलटी केली, असे मला वाटते. १८४५ च्या कायद्याने तिथे जुगाराचे देणे न्यायालयात वसूल करता येत नसे. २००५ च्या कायद्याने ती आडकाठी काढली. ती आपण ठेवावी. उधार देऊन खेळवणाऱ्याचे पैसे बुडाले तर बुडू द्यावेत.

निरोपांवर मात्र सरसकट बंदी हवी. ज्याने स्वतःहून खेळायचे ठरवले त्याने स्वतः यावे; बोलावणे, फुकटचा डाव, हरल्यावरची सवलत, यातले काहीही पाठवणे हाच गुन्हा ठरवा.

आता थोडे अवघड. या धंद्याच्या मिळकतीचा मोठा वाटा थोड्याच, सारखे हरणाऱ्या माणसांकडून येतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. त्यावर लावलेला करही त्यांच्याच खिशातून येणार. ही सोय जुनीच आहे. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या पैशातले पाच टक्के राजासाठी काढून घेतले होते. पण ज्या खजिन्याला दरवर्षी त्या पैशाची सवय लागते, तो निरोप थांबवायला उत्सुक राहत नाही. या कराचा पैसा सर्वसाधारण अंदाजपत्रकात न घेता व्यसनमुक्ती आणि कर्जात बुडालेल्या कुटुंबांसाठी वेगळा ठेवणार का, आणि पुढच्या वर्षी ही रक्कम घटली तर आपले अर्थखाते तक्रार करणार नाही ना, या दोन प्रश्नांची उत्तरे विधेयक मांडताना सभागृहात द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक गणित शिक्षक