सुमे, मशीन वाचव

प्रिय सुमे,

तुझे तीन मेसेज पडून आहेत, रागवू नकोस. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू. काल जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही म्हणून लिहितेय.

इथे फ्लोरिडात बिग सायप्रसला सेमिनोल लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींचं, म्युझियम आहे, तिथे गेलो होतो. त्यांचं घर म्हणजे चिकी, सायप्रस झाडाच्या खांबांवर पामच्या पानांचं छप्पर, भिंतीच नाहीत! १८३५ पासून सात वर्षं अमेरिकन सैन्य मागे लागलेलं, तेव्हा पटकन बांधायचं न् पटकन सोडून जायचं, म्हणून असं. आणि मग तो फोटो दिसला गं. चिकीत एक बाई बसलीय, गळ्यात मण्यांच्या माळांचा नुसता ढीग, पुढ्यात हाताने फिरवायची शिवणमशीन. उजवा हात चाकावर, डावा कापडावर. अगदी आई! मी तिथेच रडले, हे बिचारे गांगरले.

मला वाटलं त्यांचं शिवणकाम गोधडीसारखंच असेल, पण त्या बायका जुनेर वापरत नाहीत. नव्या कापडाच्या पट्ट्या फाडून जोडायच्या, मग आडव्या कापून, सरकवून परत जोडायच्या, की नक्षी तयार. पाऊस, आग, वीज अशी नावं आहेत नक्षींना. आईला दाखवलं असतं तर रात्रभर झोपली नसती. (आठवीत मशीनची सुई तू मोडलीस आणि नाव माझं सांगितलंस, ते मी विसरलेले नाही हां.)

पण खरं टोचलं ते पुढचं. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, पँथर, अस्वल, वारा अशी कुळं, मूल आईच्या कुळाचं, आणि लग्न झालं की नवरा बायकोच्या माहेरच्या वस्तीत राहायला जायचा. आणि आमचा दादा फोनवर म्हणतो, घर रिकामं करतोय, आईची मशीन भंगारात देतो, तू तर तिकडे गेलीस, तुला काय करायचंय. काय करायचंय म्हणजे? आईने त्याच मशीनवर आपल्या दोघींचे परकर शिवले, तुझ्या आईचं दुखणं निघालं तेव्हा रात्ररात्र ब्लाउज शिवले, आणि ते भंगार? दादाशी मी भांडले नाही, गप्प बसले, त्याचंच वाईट वाटतंय.

पिंकीच्या ॲडमिशनचं काय झालं? गुडघा कसाय? सविस्तर लिही.

सुमे, रविवारच्या आत जाऊन ती मशीन उचलून आण, रिक्षाचे पैसे पाठवते. वहिनी काही बोलणार नाहीत. चाकाची लाकडी मूठ सैल आहे, वाटेत पडेल, ती आधी काढून पर्समध्ये ठेव.

तुझीच,
मंगल