एचपीएलसीवर कव्हर होतं का?

सांखळी (गोवा), रविवार

चि. तन्वीस अनेक आशीर्वाद.

घरी आपण कोंकणीतच भांडतो, पण पत्र लिहायला बसलो की हात आपोआप मराठीकडे वळतो. आजोंनीही मला हॉस्टेलवर अशीच पत्रं लिहिली. हे मी फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे. अक्षर लागलं नाही तर मावशीला दाखव, तिला माझी सवय आहे.

तू बेंगळूरला ख्राइस्ट युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाच्या मुलाखतीसाठी गेली आहेस. परवा फोनवर तू तिथल्या सात-आठ कोर्सची नावं एका दमात सांगितलीस. केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, फोरेन्सिक, आणखी काय काय. तुझी आई म्हणाली, तिला ठरवू दे. मामा म्हणाला, इंजिनियरिंग का नको? मी तेव्हा गप्प राहिलो, कारण अठ्ठावीस वर्षं कुंडईच्या औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला काढलेल्या माणसाला फोनवर आटोपशीर बोलता येत नाही.

आधी आजीचा प्रश्न संपवतो. ‘पाद्रींच्या युनिव्हर्सिटीत पोरीला घालतोस?’ असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, मी तरी कुठं शिकलो? माझं कॉलेजही पाद्रींचंच होतं, आणि तीन वर्षांत मला कुणी चॅपेलात ओढून नेलं नाही. ख्राइस्ट १९६९ साली कॉलेज म्हणून सुरू झालं आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. चालवतात केरळातल्या सीएमआय संघाचे धर्मगुरू. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढायचा हक्क संविधानाच्या ३० व्या कलमानं दिला आहे. आणि सरकारी मान्यता असलेल्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही, हे २८ व्या कलमात आहे. आजीला कलमं सांगून उपयोग नव्हता. तिला मी केमिस्ट असीमा चटर्जींचं सांगितलं. कोलकात्याच्या स्कॉटिश चर्च कॉलेजातून १९३६ ला केमिस्ट्री ऑनर्स केलं आणि पुढं वनस्पतींतल्या औषधी द्रव्यांवर आयुष्यभर काम केलं. आजीनं विचारलं, लग्न झालं होतं का? झालं होतं म्हटल्यावर विषय मिटला.

आता मुद्द्याचं. कोर्सच्या नावावर फार जीव टाकू नकोस. नावाखाली काय लिहिलंय ते वाच. औषध कायद्याच्या नियमांत कारखान्यातल्या उत्पादनावर देखरेख कोण करू शकतो ते दिलं आहे. फार्मसीचा पदवीधर असेल तर १८ महिन्यांचा अनुभव पुरतो. बीएस्सीवाल्याला ३ वर्षं लागतात, आणि त्याच्या पदवीत केमिस्ट्री ‘मुख्य विषय’ असावी लागते. हे दोन शब्द मी कितीतरी मुलांच्या अर्जांत शोधले आहेत. पदवीचं नाव झकपक असायचं, पण मार्कशीटवर केमिस्ट्री कुठं तरी कोपऱ्यात. तेव्हा फोरेन्सिक घ्यायचं असेल तर जरूर घे, पण त्यात केमिस्ट्रीचे पेपर किती आणि कुठल्या वर्षापर्यंत, हे आधी विचार. आणि औषधांचंच वेड असेल तर बी.फार्म. हा वेगळा रस्ता आहे. औषधाच्या दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट लागतो, ती नोंदणी आम्हा बीएस्सीवाल्यांना मिळत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांचीही झाली आहे. तीन वर्षांनी १२० क्रेडिटवर बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर १६० क्रेडिट आणि ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधन करायचं असेल तर पहिल्या ६ सत्रांत ७५ टक्के हवेत, तेव्हा पहिलं वर्ष हुंदडण्यात घालवू नकोस. चार वर्षं केलीस तर एमएस्सी एका वर्षात होऊ शकते. बाकीचे हिशेब मावशीच्या मुलाला विचार, तो त्यातूनच गेलाय.

पण क्रेडिटमधलं एक गणित तू स्वतः कर. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. दोन क्रेडिट असतील तर ६० तास, म्हणजे आठवड्याला चार, पंधरा आठवडे. हे तास कागदावर सगळ्यांकडे असतात. हातात किती पडतात, हा खरा प्रश्न. अकरावी-बारावीत तुझ्या वाट्याला काय आलं ते मी पाहिलं आहे. सर टायट्रेशन (थेंबाथेंबानं द्रव सोडून प्रमाण मोजणं) करायचे, तुम्ही चाळीस जण बघायचात, आणि जर्नल गेल्या वर्षीच्या मुलीच्या जर्नलवरून उतरायचं. मी शाळेत जाऊन बोललो होतो, तुला सांगितलं नाही.

माझंही सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की बाबा जन्मतः प्रामाणिक होता. दुसऱ्या वर्षाला मला बस गाठायची घाई होती. टायट्रेशनचं एकच रीडिंग घेतलं, ते १०.० आलं, आणि खाली आणखी दोनदा १०.० लिहून वही टेबलावर ठेवली. आमच्या फादरनी वही पाहिली, मग ब्युरेट (द्रव मोजून सोडायची, नळ असलेली काचेची नळी) पाहिली. म्हणाले, “हिचा नळ गळतो, मला जूनपासून ठाऊक आहे. तुला तीनदा सारखं कसं मिळालं?” बस गेली. सहा वाजेपर्यंत मी नळाला ग्रीस लावून पुन्हा पुन्हा रीडिंग घेत होतो. शेवटची दोन आली ९.७ आणि ९.७. नोकरीत आल्यावर कळलं की कारखान्यातही नियम तोच, जे दिसलं तेच लिहायचं. चुकीचा आकडा गिरवायचा नाही, खोडायचा नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) शिकवायला आठवडा लागतो. ही एक रेघ शिकवायला कधी कधी वर्ष जातं.

तू मात्र जर्नलमधून केमिस्ट्रीला आलेली नाहीस. सत्तरीतल्या काजूच्या भट्टीवर तू नऊ-दहा वर्षांची असशील. भाण (रस उकळायचं मडकं) पेटलेलं, नळीतून वाफ दुसऱ्या मडक्यात उतरत होती, वरून थंड पाणी ओतणं चाललं होतं. पहिल्या वाफेचा हुर्राक, तोच निरोबरोबर (काजूच्या बोंडांच्या रसाबरोबर) पुन्हा भाणात घातला की फेणी, हे भट्टीकारानं तुला सांगितलं. तू विचारलंस, मग पाणी भाणातच मागं का राहात नाही? त्याला उत्तर आलं नाही, मलाही नऊ वर्षांच्या पोरीला कसं सांगावं ते सुचलं नाही. आता सांगतो. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, पण वाफेत दोघं मिळूनच निघतात, अल्कोहोलचा वाटा फक्त जास्त असतो. म्हणून पुन्हा पुन्हा काढायचं. आणि कितीही वेळा काढलं तरी साध्या ऊर्ध्वपातनानं साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास गाडी अडते, कारण तिथं वाफ आणि द्रव दोन्हींचं प्रमाण सारखंच होतं. तुझ्या पुस्तकात याला अझिओट्रोप म्हणतील. पेपरात आला तर भट्टी आठव, पण उत्तरपत्रिकेत फेणी लिहू नकोस.

तू आत्ता ज्या शहरात आहेस तिथं १९३३ साली एक मराठी मुलगी अशीच शिकायला गेली होती. कमला भागवत, पुढच्या सोहोनी, आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबईची बीएस्सी होऊन इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला, तर मुलगी म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. ती हटली नाही, तेव्हा वर्षभर काम बघू या अटीवर घेतलं. पुढं १९३९ ला केंब्रिजची पीएच.डी. झाली. मुंबईत परत आल्यावर तिनं नीरेतल्या पोषक द्रव्यांवर काम केलं. आपला निरो काजूचा, तिची नीरा ताडामाडाची, पण भट्टीवरची तू मला तिच्याच पठडीतली वाटलीस.

पैशांचं मी आणि आई बघतो. फी आपल्या इथल्या कॉलेजांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे खरं. म्हणूनच सांगतो, नुसत्या नावासाठी बेंगळूरला राहू नकोस. इथल्या कॉलेजात लॅबच्या बेंचवर जास्त काम मिळणार असेल तर परत ये, ताळगावच्या गोवा युनिव्हर्सिटीची पदवी काही कमी नाही. मला त्यात कमीपणा वाटणार नाही, मामाला वाटू दे.

मुलाखतीला गेलीस की प्लेसमेंटचं ते आपणहून सांगतील. तू लॅब दाखवा म्हण. एका बॅचला किती मुलं, एका ब्युरेटवर किती, हे सरांना नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार. एप्रन घेशील तो सुती घे, पॉलिस्टर आगीला वितळून अंगाला चिकटतं. आणि केस बांध, आई रोज सांगते म्हणून नव्हे.

संध्याकाळी फोन कर. मुलाखत कशी झाली ते नंतर. आधी सांग, एचपीएलसीवर कव्हर घातलेलं होतं, की मशीन चालू होतं?

तुझा,
बाबा