वाघनखांची पाटी

सातारा, दि. ८ नोव्हेंबर २०२४

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तू रागावून गेलीस, तेव्हापासून घर गप्प आहे. अप्पा इतक्या हौसेने आपल्याला वाघनखे दाखवायला घेऊन गेले आणि तू चारचौघांत, काचेच्या पेटीसमोर, 'ही महाराजांचीच असल्याचा पुरावा नाही' असे मोठ्याने म्हणालीस. मागे उभ्या असलेल्या तरुणांनी वळून पाहिले, ते मला अजून दिसते.

तुझे म्हणणे चूक नाही. ही नखे १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास रेसिडेंट, म्हणजे इंग्रज कंपनीचा प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफकडची; ज्यांनी ती उसनी दिली ते लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयही ती महाराजांनी वापरलेलीच असल्याची खात्री देत नाही. जुन्या डबीवर तर ती 'मोगल सेनापती'ला मारल्याचे लिहिले आहे आणि अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, हे आमच्या चौथीतली पोरेही सांगतील. पण चारचौघांत बोलताना मागेपुढे पाहावे. २००४ च्या जानेवारीत महाराजांवरच्या एका पुस्तकावरून पुण्यात भांडारकर संस्थेची काय नासधूस झाली, ते तू लहान होतीस म्हणून तुला आठवत नसेल, मला आठवते.

पुन्हा तेच लिहू लागले, क्षमा कर.

खरे तर दोष माझाही आहे. प्रतापगडाचा प्रसंग मी तीस वर्षे हातवारे करून शिकवला. तू नऊ वर्षांची असताना 'आई, ती नखे आता कुठे आहेत?' असे विचारलेस, तेव्हा 'इंग्रजांनी चोरून नेली' असे मी बेधडक ठोकून दिले. डबीवरचा मजकूर म्हणतो, पेशव्यांच्या कारभाऱ्याने ती डफला दिली. वर्गात निदान एखादे पोर हात वर करून शंका विचारते; काचेआडच्या वस्तूला कोणी काही विचारत नाही, पाटीवरच्या दोन ओळी वाचून माणसे नमस्कार करतात आणि तोच इतिहास घरी नेतात. अशा ओळी लिहिण्याचे काम आता माझ्या मुलीकडे आले, हे मी शेजारी चारदा सांगून आले आहे. 'परंपरेने मानले जाते' हे तीन शब्द तू गाळणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच रात्री झोप लागत नाही.

अप्पा परवा एकटेच पुन्हा जाऊन आले, या वेळी चष्मा घेऊन. त्यांना फोन कर. आणि तुमच्याकडे पाटीखाली लिहिणाऱ्याचे नाव घालत नाहीत ना, तेवढे कळव.

तुझी,
आई